घरच्या सर्व्हरसाठी स्विच: कंपनी नंतर, आधी माळा आणि अडॅप्टर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अकोल्यात दुमजली घर. पत्र्याखालच्या माळ्यावर जुन्या पीसीचा केलेला सर्व्हर, त्यात ८ टीबीच्या दोन हार्ड डिस्क. शेजारी आठ पोर्टचा गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिटचा) स्विच, म्हणजे सगळ्यांच्या नेटवर्क केबल एकत्र जोडणारा डबा. त्यावर सर्व्हर, राउटर, टीव्ही, एक डेस्कटॉप आणि गच्ची-अंगणातले चार कॅमेरे, ज्यांना पीओई इंजेक्टरमधून, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच, वीज जाते. दोन वर्षांत दोन स्विच गेले, दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. आता तिसरा घ्यायचाय, तर न बिघडणारी कंपनी कोणती, मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) घ्यावा का, आणि पैसे घालतोच आहोत तर थेट १० गिगाबिटच का घेऊ नये.

दोन वेगळ्या कंपन्यांचे स्विच एकाच जागी साधारण तेवढ्याच काळात जातात, तेव्हा संशय कंपनीवर नाही, जागेवर घ्यायचा. तांब्याच्या केबलवरच्या गिगाबिटचं मानक १९९९ सालचं आहे. आजच्या घरगुती स्विचमध्ये एक मुख्य चिप, पोर्टमागचे छोटे ट्रान्सफॉर्मर आणि व्होल्टेज उतरवणारं एक सर्किट, एवढाच संसार असतो. पंखा नाही, डिस्क नाही, फिरणारं काहीच नाही. अशी वस्तू वर्षभरात जात असेल तर तिला कोणीतरी मारतंय. मारेकरी बहुधा तीन: अडॅप्टर, उष्णता आणि घराबाहेरून येणारी केबल.

दोन्ही स्विच नेमके कसे गेले हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंचसं उत्तर त्यावर अवलंबून आहे. सगळे दिवे एकदम लुकलुकत असतील, किंवा स्विच पूर्ण मेल्यासारखा असेल, तर आधी अडॅप्टर बघा. एक-दोनच पोर्ट मेले आणि बाकीचे चालू असतील, तर केबलमधून झटका आलाय. सकाळी ठीक आणि दुपारी लिंक तुटते असं होत असेल, तर उष्णता. महिना आठवत असेल तर तोही खूप काही सांगतो: एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी गेलेला आणि वळवाच्या कडकडाटानंतर गेलेला स्विच, हे दोन निराळे रोगी आहेत.

जुने दोन्ही स्विच फेकले नसतील तर फेकू नका. स्विचच्या तळाच्या स्टिकरवर लागणारं व्होल्टेज लिहिलेलं असतं, कुठे ५, कुठे ९, कुठे १२ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टेजचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून बघा. पिनची ध्रुवता जुळली पाहिजे, ती दोन्हीकडे छापलेली असते. बाहेरून जाडी सारखी, म्हणजे ५.५ मिलिमीटर, पण आतलं भोक २.१ की २.५ मिलिमीटर हेही बघा. नाहीतर पिन सैल बसते आणि हात लागला की स्विच रीस्टार्ट होतो. मल्टिमीटरने नुसता अडॅप्टर तपासून समाधान मानू नका. थकलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर रिकामा असताना १२.१ दाखवतो आणि भार आला की ९-१० वर घसरतो. मेलेल्या म्हणून ठेवलेल्या स्विचांपैकी बरेच असे निव्वळ अडॅप्टर बदलून जिवंत होतात. नवा अडॅप्टर घेताना त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक, म्हणजे आर-क्रमांक, आहे ना, एवढं बघून घ्या. शंभर रुपयांचे निनावी अडॅप्टर कुठे लावूच नका.

आता उष्णता, कारण तुमच्या बाबतीत मला हाच मुख्य गुन्हेगार वाटतो. बहुतेक घरगुती स्विचच्या डेटाशीटवर चालण्याचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेलं असतं. अकोल्यात मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतं. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून किती जास्त, ते तुम्ही दुपारी दोन मिनिटं उभं राहून सांगू शकाल. म्हणजे स्विच उन्हाळाभर कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेच्या बाहेरच चालतोय.

यात मरतो तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा भाग, स्विचमधलाही आणि अडॅप्टरमधलाही. साध्या कपॅसिटरवर '१०५ अंश, २००० तास' असं रेटिंग असतं. तापमान १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. मग ५५ अंशांवर तोच कपॅसिटर ६४,००० तास म्हणजे सात वर्षांहून थोडा जास्त टिकेल, ६५ वर ३२,००० तास म्हणजे साडेतीन वर्षं, आणि ७५ वर १६,००० तास, जेमतेम पावणेदोन वर्षं. बंद डब्याच्या आतलं तापमान खोलीपेक्षा १५-२० अंशांनी जास्त असणं काही विशेष नाही. हिशेब कागदावरचा आहे, पण खाली बैठकीच्या खोलीत सात वर्षं चालणारा स्विच माळ्यावर दोन वर्षांत का जातो ते यावरून कळतं.

म्हणून पहिला उपाय खरेदीचा नाहीच. स्विच आणि सर्व्हर दोन्ही खाली आणा: जिन्याखाली, पॅसेजमध्ये, किंवा दार उघडं राहील अशा कपाटाच्या वरच्या फळीवर. हार्ड डिस्कनासुद्धा माळ्यावरचा उन्हाळा मानवत नाही. केबल वर येत असल्यामुळे हलवता येत नसेल, तर भोक पाडून केबल खाली सोडण्याचा खर्च तिसऱ्या स्विचपेक्षा जास्त नसेल. माळ्याला पर्यायच नसेल, तर डेटाशीटवर ५० किंवा ६० अंश लिहिलेला, धातूच्या डब्याचा स्विच शोधा आणि भिंतीवर लावा. मागे किल्लीच्या भोकासारख्या दोन खाचा असतात त्या त्यासाठीच. राउटरच्या डोक्यावर स्विच ठेवू नका, दोघे एकमेकांना भाजतात. पोर्टची तोंडं खाली किंवा बाजूला ठेवा म्हणजे धूळ साचत नाही. मोकळ्या पोर्टना रबरी बुचं लावा. उबेला पाली येतात, आणि डब्याच्या जाळीतून आत शिरलेली पाल सर्किटवर काय करते ते वॉरंटीत बसत नाही.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्यांची. गच्चीच्या कठड्यावर लोखंडी ब्रॅकेटला लावलेला कॅमेरा आणि त्याची ३० मीटर केबल म्हणजे ढगांकडे तोंड करून ठेवलेला अँटेना. वीज थेट पडायला लागत नाही. जवळपास पडली तरी केबलमध्ये काही हजार व्होल्टचा क्षणिक झटका तयार होऊ शकतो. पोर्टमागच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन मानकाप्रमाणे १५०० व्होल्टपर्यंत तपासलेलं असतं. त्यापलीकडे गेलं की आधी तो पोर्ट, मग चिप, आणि नशीब वाईट असेल तर त्याच स्विचला जोडलेल्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरचं लॅन. आज तुमचे चारही कॅमेरे आणि सर्व्हर एकाच स्विचवर आहेत, म्हणजे घरातली सगळ्यात धोक्याची केबल आणि सगळ्यात मोलाची मशीन एकाच ताटात जेवतायत.

हे ताट वेगळं करा. कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र, स्वस्त पीओई स्विच घ्या आणि इंजेक्टर काढून टाका. घेताना पाकिटावर ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी लिहिलेलं हवं. एएफ म्हणजे पोर्टला १५.४ वॉट, एटी म्हणजे ३० वॉट, आणि दोन्ही समोरच्या उपकरणाला विचारून मगच वीज सोडतात. '२४ व्होल्ट पॅसिव्ह' लिहिलेला घेऊ नका. तो न विचारता वीज सोडतो आणि चुकून लॅपटॉप जोडला गेला तर पंचाईत. एकूण वॉटचा हिशेब रात्रीचा धरायचा, कारण अंधारात इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त ओढतो. एका कॅमेऱ्याला ७ वॉट धरले तर चौघांचे २८. म्हणून एकूण क्षमता ५० वॉटच्या आसपास असलेला घ्या. 'चार पोर्ट, प्रत्येकी ३० वॉट' या जाहिरातीचा अर्थ एकूण १२० वॉट असा होत नाही, एकूण आकडा डेटाशीटमध्ये वेगळा दिलेला असतो.

या पीओई स्विचपासून मुख्य स्विचपर्यंत तांब्याऐवजी फायबर टाकलं तर सर्व्हरकडे झटका जायला या केबलची वाट उरत नाही. महागडं काही लागत नाही. इंटरनेटवाले वापरतात तेच मीडिया कन्व्हर्टर (तांब्यावरचा सिग्नल प्रकाशात बदलणारे डबे), ए आणि बी अशी जोडी, आणि मध्ये एकाच धाग्याची सिंगल-मोड पॅच केबल. कन्व्हर्टर १००० एमबीपीएसचे आहेत ना ते विचारून घ्या, बाजारात १०० वाले अजून भरपूर पडून आहेत. दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा, म्हणजे दोन्हीकडे ए, आणलात तर लिंक येणार नाही. ही चूक दुकानदारही करतात.

अर्थिंगबद्दल. सर्ज प्रोटेक्टरची पट्टी अर्थिंग नसेल तर जवळपास शोभेची असते. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. २-३ व्होल्टपर्यंत ठीक. २०-३० दिसलं तर नव्या स्विचआधी अर्थिंगचा खड्डा बघा. आणि शिल्डेड (धातूचं वेष्टन असलेल्या) केबलच्या मोहात पडू नका. दोन्ही टोकांना नीट अर्थ न केलेली शिल्ड घरात फायद्यापेक्षा उपद्रव जास्त देते. साधी, बिनशिल्डची यूटीपी पुरते.

एवढं झाल्यावर स्विच निवडणं सोपं आहे.

वेगापासून सुरू करू, कारण पैसे इथेच वाया जातात. गिगाबिटवर फाइल कॉपी होताना प्रत्यक्षात सेकंदाला ११० ते ११७ एमबी मिळतात. तुमच्या हार्ड डिस्क मोठी फाइल १५० ते २५० एमबीने वाचू शकतात. म्हणजे डिस्क थोडी थांबते, पण कोणासाठी? ४के ब्लू-रेचा कमाल बिटरेट सेकंदाला १२८ मेगाबिट, गिगाबिटच्या साधारण आठव्या हिश्श्याइतका. बऱ्याच टीव्हींचा लॅन पोर्ट तर अजूनही १०० मेगाबिटचाच असतो. चार कॅमेरे मिळून ३० मेगाबिटच्या आसपास. उरला डेस्कटॉप. तुम्ही त्यावरून रोज ५०-१०० जीबीच्या व्हिडिओ फायली सर्व्हरवर ढकलत असाल तर २.५ गिगाबिटचा स्विच घ्या, १०० जीबीला पंधरा मिनिटांऐवजी सात-आठ मिनिटं लागतील, त्यापुढे डिस्कच अडवेल. मात्र सर्व्हर आणि डेस्कटॉप दोन्हीकडे २.५ चे पोर्ट हवेत. जुन्या पीसीत ते नसणार, कार्ड घालावं लागेल. २.५ गिगाबिटला कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणून भिंतीतली चांगली केबल बदलायची गरज नाही.

१० गिगाबिट तुमच्यासाठी नाही. दोन फिरत्या डिस्कचा सर्व्हर सेकंदाला ११०० एमबी देऊच शकत नाही. पुढे एनव्हीएमई (वेगवान, न फिरणाऱ्या) डिस्क घातल्या आणि खरंच लागलं, तर एसएफपी+ पोर्टचा (मॉड्यूल बसवायच्या खाचेचा) छोटा स्विच आणि डीएसी केबल (दोन्ही टोकांना तयार प्लग असलेली तांब्याची केबल) हा मार्ग धरा. मायक्रोटिकचा सीआरएस३०५ त्या कामाचा आहे: चार एसएफपी+ पोर्ट, पंखा नाही, वीज घ्यायला दोन जॅक. तांब्याचं १० गिगाबिट मॉड्यूल एकटंच २-३ वॉट तापतं आणि हाताला चटका देतं. तुमच्या माळ्यावर तर विचारूच नका.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन ऑफिसांतून निघालेले २४ पोर्टचे रॅक स्विच स्वस्तात मिळतात. यंत्र म्हणून ते उत्तम असतात, पण त्यांचे ४० मिलिमीटरचे पंखे रात्री झोपू देत नाहीत आणि वीज खातात. ६० वॉटचा स्विच वर्षाला सुमारे ५२५ युनिट घेतो, घरगुती ५ वॉटचा ४४. युनिटला दहा रुपये धरले तर फरक वर्षाला पावणेपाच हजारांचा. त्यात आठ पोर्टचे दोन-तीन नवे येतात.

मॅनेज्ड हवा का? व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्कं, करून कॅमेरे इंटरनेटपासून तोडायचे असतील तरच. पण त्यासाठी राउटरलाही व्हीलॅन कळायला हवं, आणि कनेक्शनसोबत आलेल्या राउटरला बहुधा ते कळत नाही. नुसता स्विच मॅनेज्ड घेऊन अर्धंच काम होतं. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट: साधा स्विच वीज आल्यावर दोन-तीन सेकंदांत चालू होतो, मॅनेज्डला अर्धा ते दीड मिनिट लागू शकतं. आणि सेटिंग केल्यावर 'सेव्ह कॉन्फिगरेशन' वेगळं दाबायचं राहिलं, तर पुढच्या भारनियमनानंतर सगळे व्हीलॅन गायब. तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात येतं. दोन पोर्ट जोडून दुप्पट वेग मिळवण्याच्या, म्हणजे लिंक ॲग्रिगेशनच्या, आशेने मॅनेज्ड घेणार असाल तर सोडा. एका कॉपीला त्यातही एकाच केबलचा वेग मिळतो.

जंबो फ्रेमचंही (डेटा मोठ्या पाकिटांतून पाठवण्याचंही) तसंच. कागदावर पाचेक टक्के फायदा, आणि नेटवर्कमधलं एक उपकरण जरी विसरलं तरी काही पानं उघडतात, काही उघडत नाहीत असा विचित्र बिघाड.

तर तुमच्यासाठी माझी निवड: अनमॅनेज्ड, आठ पोर्टचा गिगाबिट, धातूचा डबा, पंख्याशिवाय, बाहेरचा अडॅप्टर. टीपी-लिंक टीएल-एसजी१०८ किंवा नेटगिअर जीएस३०८ या पठडीतला कोणताही. दोन्हींत मला डावंउजवं करावंसं वाटत नाही. गावात ज्याची वॉरंटी सरळ मिळते तो घ्या. बाहेरचा अडॅप्टर मी मुद्दाम म्हणतोय. लवकर मरणारा भाग तोच, आणि तो दहा मिनिटांत बदलता येतो. आतल्या पॉवर सप्लायचा स्विच गेला की डबा खोलावा लागतो. पाच पोर्टचा घेऊ नका. आज सर्व्हर, राउटर, टीव्ही, डेस्कटॉप आणि फायबरचा कन्व्हर्टर मिळून पाच झालेच.

पाकिटावरच्या '१६ गिगाबिट स्विचिंग कपॅसिटी' या आकड्याने भारावू नका. आठ पोर्ट, दोन्ही दिशांना एकेक गिगाबिट, झाले सोळा. आजच्या जवळपास सगळ्या स्विचमध्ये ते असतं. बफरचा (स्विचमधल्या तात्पुरत्या साठ्याचा) आकडा मात्र २.५ गिगाबिटचा विचार असेल तर बघा. घरगुती गिगाबिट स्विचमध्ये दीड मेगाबिटसारखा छोटा बफर असतो. २.५ च्या पोर्टवरून सर्व्हर १ गिगाबिटच्या टीव्हीकडे जोरात ओतू लागला, तर एवढा बफर एका मिलिसेकंदात भरतो आणि पुढची डेटाची पाकिटं सांडतात. साध्या फाइल कॉपीत टीसीपी (हरवलेली पाकिटं पुन्हा पाठवणारी व्यवस्था) ते सांभाळून घेतं, वेग थोडा वरखाली होतो इतकंच.

वीज जाण्याचं काय? इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये बदल होताना जो खंड पडतो, तेवढ्यात स्विच आणि राउटर दोन्ही रीस्टार्ट होऊ शकतात. सर्व्हरला वेगळा यूपीएस असेल तर स्विच आणि राउटर त्याच यूपीएसवर घ्या. दोघांचे मिळून १५-२० वॉट, बॅकअप फारसा कमी होत नाही. सर्व्हर चालू आणि स्विच बंद, या अवस्थेत नेटवर्कवरून जोडलेले फोल्डर अडकून बसतात.

केबलबद्दल एकच तपासणी सांगतो. बंडल घेताना तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत लालसर तांबं दिसलं तर घ्या. चंदेरी दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. ते क्रिंपिंगमध्ये (प्लग दाबून बसवताना) तुटतं, जास्त रोध देतं आणि पीओईवर तापतं.

स्विच आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन तास काढा. प्रत्येक पोर्टला सर्व्हरची केबल लावून लिंक १००० ला येते का बघा, लिनक्सवर एथटूल ही कमांड ते सांगते. १०० ला आली तर आधी केबल बदला, स्विच नाही: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच, त्यामुळे एक तार सुटली तरी नेट चालतं आणि कॉपी मात्र सेकंदाला ११ एमबीवर अडकते. मग डेस्कटॉप आणि सर्व्हरमध्ये आयपर्फ३ (वेग मोजणारा प्रोग्राम) अर्धा तास दोन्ही दिशांना चालवा. ९४० मेगाबिटच्या आसपास स्थिर आकडा हवा. ९०० आणि ६०० मध्ये हेलकावे खात असेल, तर एथटूलमध्ये सीआरसी चुकांचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा बघा. तो वाढत असेल तर बहुतेक वेळा प्लग नीट क्रिंप झालेला नसतो. दिवे लागणारा स्वस्त केबल टेस्टर इथे फसवतो. आठही तारा जोडलेल्या असल्या की तो पास म्हणतो, पण दोन्ही टोकांना एका जोडीची तार दुसऱ्या जोडीत बसली असेल तर ते त्याला कळत नाही.

शेवटी नव्या अडॅप्टरवर मार्करने 'स्विच' आणि त्याचं व्होल्टेज लिहून ठेवा. राउटरचा आणि स्विचचा अडॅप्टर दिसायला जुळे असतात, आणि ५ व्होल्टच्या स्विचला १२ व्होल्ट लागले की चौथा घ्यावा लागेल.